एका शाफ्टवर चार पट्टे

बंद पडलेल्या जिनाचे काय करावे, हा प्रश्न घेऊन हल्ली माझ्याकडे माणसे येतात. यंदा राज्य बदलल्यापासून तर जास्तच. येणारा मनुष्य आधी जागेची लांबी-रुंदी सांगतो, मग छपराच्या पत्र्यांची किंमत, मग आवारातल्या लिंबाच्या झाडांची. मी एवढेच विचारतो, "आतला शाफ्ट सरळ आहे का?" बहुतेकांनी तो पाहिलेलाच नसतो. दर वेळी तेच ते सांगून माझा घसा बसतो आणि घरातली साखर संपते, म्हणून हे एकदा लिहून टाकतो.

कापसाच्या मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी आधी जिन म्हणजे काय ते. शेतातून येतो तो कापूस. त्यात बी असते, ती सरकी. सरकी काढली की उरते ती रुई. ही फारकत करणारी यंत्रे एका लांब दालनात ओळीने मांडलेली असतात आणि त्यांतले एकही स्वतःच्या जोरावर फिरत नाही. दालनाच्या एका टोकाला इंजिनघर; त्यात बॉयलर आणि वाफेचे इंजिन; कामाचा भोंगाही त्याच वाफेवर वाजतो. हे इंजिन एक लोखंडी दांडा फिरवते, तो दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तोच शाफ्ट. शाफ्टवर जागोजागी चाके, म्हणजे पुल्या, आणि तिथून प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा. यंत्राजवळ दोन पुल्या शेजारी शेजारी असतात, एक मोकळी, एक पक्की. पट्टा मोकळीवर असला की नुसता फिरतो, यंत्र थांबून राहते. लाकडी दांडीने तो पक्कीवर सरकवला की यंत्र चालू. एवढे लक्षात ठेवले तर पुढचे भांडण समजेल.

आमचा जिन हिंगोलीच्या स्टेशनाजवळ. आमचा म्हणजे शेठजींचा. ते वऱ्हाडात राहत, मी मॅनेजर. बाकीचे मला 'मनिजर' म्हणत. हंगामात सेनगाव, डोंगरकडा, औंढ्याकडून गाड्या येत आणि फाटकापासून रस्त्यापर्यंत बैलांच्या घुंगरांचा आवाज चालू असे. मंदीत कापसाचा भाव बसला. मोठ्या जिनवाल्यांनी आमच्या गाड्या ओढून नेल्या, आणि एका होळीनंतर लावलेले कुलूप पुढच्या दिवाळीला निघालेच नाही. माणसे घरी गेली. राहिलो मी, आणि इंजिन चालवणारा करीम मिस्त्री. इंजिन बंद असले तरी करीम दर शुक्रवारी नमाजाहून येऊन त्याला तेल घाली आणि मोठे चाक पहारेने थोडे फिरवून ठेवी. एकाच जागी बसलेले चाक धुरा वाकवते, असे त्याचे म्हणणे होते.

मग लढाई सुरू झाली आणि लोखंडाला भाव आला. शेठजी एक दिवस भंगाराच्या व्यापाऱ्याला घेऊन उतरले. दामजीभाई नावाचा हा कच्छी गृहस्थ, अंगाने बारीक, हातात छत्री. छत्रीच्या टोकाने त्याने इंजिनाच्या अंगावर चार ठिकाणी ठोकून पाहिले आणि "माल चांगला हाय" म्हणाला. तो बाहेर गेल्यावर करीमने चिंधी घेऊन त्या चारही जागा पुसल्या.

"बोकड चाचपावा तसं चाचपून राहिला," करीम म्हणाला. "साहेब, तुमी काही बोला ना."

मी बोललो. म्हटले, इंजिन विकू नका. दालनात भिंती घालून खोल्या पाडू, प्रत्येक खोली एकेका कारागिराला भाड्याने देऊ, आणि शाफ्ट एकच सगळ्यांना फिरवील. कापूस तीन-चार महिने येतो. दाळ, तेल आणि पीठ बारा महिने लागते.

शेठजी हसले. "वामनराव, दोन भावांची एक चूल चालत नाही, तुम्ही चार परक्यांचं एक इंजिन चालवणार?"

"चालवून दाखवतो."

"दाखवा. दसऱ्याला मी येतो, दामजीभाईही येतील. चारही पट्टे फिरताना डोळ्यांनी दिसले, तर इंजिन इथंच राहील. नाही दिसले, तर ते यांचं. मग मला पुन्हा काही सांगायचं नाही."

दामजीभाईंनी मान हलवली. त्यांना घाई नव्हती.

चार भाडेकरू मिळवायला माझा उन्हाळा गेला. इंजिनाजवळच्या पहिल्या खोलीत नागोराव तेली आला. त्याने बैलाचा घाणा मोडून लोखंडी घाणा आणला होता आणि बैल विकल्याचे दुःख तो दर दोन दिवसांनी नव्याने करी. दुसऱ्या खोलीत दत्तराव देशमुखांचा तूरदाळीचा कारखाना. हे घरचे मोठे. शेती उत्तम, पण यंत्राची हौस जुनी. तिसऱ्या खोलीत गंगाबाईची गिरणी, एक जाते धान्याला आणि एक हळद-तिखटाला. तिचा नवरा सखाराम गाडी हाकी आणि गंगाबाई सखारामासकट सगळी गिरणी हाकी. चौथ्या खोलीत खाजाभाई पिंजारी. त्याचे रुई पिंजण्याचे यंत्र सगळ्यांत हलके, आणि खाजाभाईही तसाच. जोराने शिंकला तर उडून जाईल असा.

देशमुख सोडले तर बाकी तिघांनी कधी ना कधी आमच्याच जिनात कामे केली होती. त्याचा मला फायदा वाटला होता. खरी अडचण तिथूनच आली, पण ते पुढे.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती इथेच सांगतो. जिन चालू होता तेव्हा कापूस वेचायला, वाहायला आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या कितीतरी बाया येत. भिंती घालताना त्या फाटकाशी येऊन विचारत, "मनिजर, आमाला कवा बलावता?" चार लहान कारखान्यांत तेवढी माणसे मावत नाहीत. काहींना दाळ निवडायला, हळद कुटायला घेता आले. पुष्कळ जणींना नाही. जिनाचे कारखाने करणाऱ्याने हे आधीच धरून चालावे. खोल्या वाढतात, पण हात कमी लागतात.

भाडेकरूंच्या तऱ्हा निराळ्या. देशमुखांच्या मातोश्री एकदा शेड पाहायला आल्या. दाळीवरून चामड्याचा पट्टा फिरतो हे पाहून त्या दारातूनच परत फिरल्या. "त्या दाळीचं वरण माझ्या देवाला चालायचं नाही." लढाईमुळे कापडी पट्टे मिळत नव्हते. मी सुताराकडून पट्ट्याभोवती लाकडी पेटी करून घेतली. मातोश्री पुन्हा आल्या, त्यांनी पेटीला सगळीकडून पाहिले, कान लावला आणि म्हणाल्या, "आत काय आहे ते मी विचारत नाही." वरण चालू झाले. पेटीने धूळ अडते आणि धोतराचा सोगा पट्ट्यात जात नाही, हे मागून कळले. आता मी ती सगळ्यांना करायला सांगतो.

पोळा झाला आणि पहिली चाचणी ठरली. करीमने वाफ धरली, भोंगा दिला, आणि चौघांनीही एका क्षणी दांड्या ओढल्या.

इंजिन एकदा हुंकारले. मग मुख्य पट्टा चाबकासारखा सुटला, भिंतीवर आपटला आणि मधोमध फाटला. गंगाबाईच्या सखारामाच्या डोक्यावरची टोपी त्या वाऱ्याने गेली. टोपीबरोबर डोके गेले नाही, हे नशीब. तो नेमका खाली वाकून तंबाखू शोधत होता.

कारण उघड होते. जिनात भोंगा झाला की सगळ्यांनी एकदम पट्टे सरकवायचे, हीच रीत. तिथे ते चालते, कारण त्या वेळी यंत्रे रिकामी असतात. कापूस मागून घालायचा. आमच्या लोकांच्या हाताला तीच सवय. पण इथे घाण्यात करडई ठासून भरलेली, दाळीच्या यंत्रात तूर, जात्यावर ज्वारी. सगळे ओझे एकदम इंजिनावर आले.

मोच्याने वादीने पट्टा शिवून दिला. करीमने फर्मान काढले, "एकेक करून. जड ते आधी. इंजिन मोकळं असतं तवा घाणा उचलंल. मग दाळ, मग गिरणी, मग पिंजण. मागून घाणा लावला तर चालतं ते समदं बसंल."

यंत्राच्या दृष्टीने हे बरोबर होते. पण दत्तराव देशमुख उठून उभे राहिले.

"म्हणजे रोज सकाळी पहिला घाणा आणि त्याच्या मागं आम्ही? मनिजरसाहेब, पोळ्याला आमचा बैल तोरणाखालून गेल्याशिवाय गावचा पोळा फुटत नाही."

नागोराव म्हणाला, "बैल तुमचा व्हय, मान तुमचा व्हय, कोण न्हाई म्हनतंय? पण इंजिनाला कोण सांगावं तुमी देशमुख हायेत म्हून?"

"तू सांग. तू त्याच्या शेजारीच बसतोस."

"त्याला मराठी न्हाई समजत, देशमुख. इलायतेचं हाय ते."

खाजाभाई हसला आणि देशमुखांनी वळून पाहिल्यावर खोकला. देशमुखांनी आपल्या खोलीला कुलूप घातले, किल्ली कमरेला खोचली आणि घोड्यावर बसून गावाकडे गेले. चार पट्ट्यांतला एक गेला, म्हणजे इंजिन गेल्यातच जमा. मी दोनदा त्यांच्या वाड्यावर गेलो. चहा उत्तम मिळाला. किल्ली मिळाली नाही. नागोरावाला म्हटले, तूच दुसरा हो. तो म्हणाला, "होतो. पट्टा पुन्हा फाटला तर जबाबदारी देशमुख घेतात का इचारून या."

करीम दिवसभर इंजिनघराच्या पायरीवर बसून राही. दामजीभाईंची छत्री त्याच्या स्वप्नात येत होती की नाही मला ठाऊक नाही. माझ्या येत होती.

तोड काढली गंगाबाईने. हळदीने पिवळी झालेली ती माझ्या खोलीत आली आणि दारातूनच सुरू झाली.

"काहून इतके भांडून राहिले हे बाप्ये? घाणा आधी फिरला का दाळ आधी फिरली, शेडाबाहेर कुत्रं तरी बघतं का? देशमुखाच्या हातात भोंग्याची दोरी द्या. साऱ्या हिंगोलीत आवाज जातो त्याचा. भोंग्याआधी कुनाचाच पट्टा हलत न्हाई. मग पहिला कोन झाला?"

मी तसाच वाड्यावर गेलो आणि हेच, जरा नीटनेटक्या शब्दांत, सांगितले. देशमुख बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"दोरी कशाची आहे?" त्यांनी विचारले.

"काथ्याची."

"हाताला टोचेल. सुताची बांधा."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत देशमुख हजर. आजवर ज्यांना उन्हे अंगणात आल्याशिवाय कुणी पाहिले नव्हते, ते रोज सगळ्यांच्या आधी फाटकाशी उभे राहू लागले. भोंगा, मग घाणा, दाळ, गिरणी, पिंजण; सगळे घड्याळासारखे चालले. माझ्या डोक्यावरचे ओझे उतरले. उतरायला नको होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. यंत्रांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. त्या दिवशी हत्यार चालवायचे नाही. करीमला निदान बॉयलरची आग धुमसत ठेवायची होती. नागोराव म्हणाला, "आज त्याचा सण हाय मिस्त्री. त्यालाबी आराम करू द्या." करीमलाही ते मोडवले नाही. आग विझवली. दसऱ्याच्या पहाटे थंड बॉयलर पेटवला, आणि शेठजींची गाडी आली तेव्हा कामापुरती वाफ नुकती धरली होती. जास्त नाही.

शेठजी आले, दामजीभाई आले. दुपारच्या गाडीने दोघेही परत जाणार होते. देशमुखांचे भाऊबंद, पाहुणे, सोयरे आवारात जमलेले. देशमुखांनी नवा फेटा बांधला होता. त्यांनी एकवार सगळ्यांकडे पाहिले आणि दोरी ओढली.

भोंगा वाजला. वाजतच राहिला. पाहुण्यांनी माना वर केल्या, तसा देशमुखांचा हात आणखी खाली आला. इंजिनघरातून करीम ओरडत होता, "बस! बस करा!" पण ज्याच्यावर ओरडायचे त्याच भोंग्यात त्याचा आवाज बुडून गेला.

भोंगा थांबला. नागोरावाने सवयीप्रमाणे भरल्या घाण्याची दांडी ओढली. मोठे चाक अर्धा फेरा गेले, कण्हले आणि उभे राहिले.

दामजीभाईंनी पानाची डबी उघडली. "शेठ, गाडी कितीची?"

देशमुख घाईघाईने इंजिनघरात आले. "काय झालं?"

"काय व्हनार?" करीम वाफेच्या काट्याकडे बोट दाखवून म्हणाला. "समदी वाफ तुमी पिऊन टाकली, साहेब."

देशमुखांचा चेहरा पाहवत नव्हता. मी करीमला बाजूला घेतले. पुरती वाफ धरायला दुपार टळेल, आणि शेठजी गाडी चुकवणारे गृहस्थ नव्हते.

"आता आहे एवढ्यावर काय चालेल?"

"पिंजण. लई तर पिंजण."

"मग पिंजण आधी. चालता चालता वाफ वाढेल तशी गिरणी, मग दाळ. घाणा शेवटी."

"घाण्यानं समदं बसलं तर?"

"बसलं तर दामजीभाई आहेतच."

करीमने बॉयलरमध्ये लाकडे कोंबायला सुरुवात केली. नागोरावाला शेवटी थांबायला सांगायचे काम माझ्याकडे आले. पहिल्या पट्ट्यासाठी तो इतके भांडला होता आणि आता दुसऱ्याच्या चुकीपायी त्याला शेवटचा म्हणायचे होते. मी तोंड उघडले, तेवढ्यात त्याचे लक्ष माझ्या खांद्यावरून मागे गेले.

अडलेले चाक सुरू करायला ते आधी हाताने ढकलावे लागते. दत्तराव देशमुखांनी फेटा काढून खिळ्याला अडकवला होता आणि चाकाच्या काळ्याभोर आऱ्याला खांदा लावला होता. चाक हलत नव्हते.

"देशमुख, सरा बाजूला," नागोराव म्हणाला. "धोतर भरंल."

"भरू दे."

नागोरावाने आपल्या घाण्याचा पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवला आणि शेजारच्या आऱ्याला खांदा दिला. सखाराम आला, मी गेलो. चाक हलले. करीमने वाफ सोडली आणि आम्ही बाजूला उड्या मारल्या.

"खाजाभाई, पट्टा!"

"मी? पहिला मी?"

"अरे बाबा, सरकव!"

खाजाभाईने बिस्मिल्ला म्हणून दांडी ओढली. पिंजण घरघरले आणि रुईचा पहिला पांढरा लोट वर उठला. काटा वर चढला नाही, पण खालीही आला नाही. करीम लाकडे घालत होता. काटा वर सरकू लागल्यावर त्याने बोट दाखवले. गंगाबाईने जाते रिकामेच फिरवले. पहिल्या चाचणीचा धडा तिने कुणी न सांगता घेतला होता. जाते लयीत आल्यावर तिने दाणे सोडले. मग दाळ. देशमुख काळ्या हातांनीच दांडी धरून उभे होते. तुरीची टरफले उडू लागली.

राहिला घाणा. शेठजी नेमके तिथेच उभे होते. नागोरावाने दांडी एकदम ओढली नाही. पट्टा अर्धा मोकळ्या पुलीवर, अर्धा पक्कीवर असा त्याने धरून ठेवला. पट्टा किंचाळला, चामड्याचा करपट वास आला. पिंजण मंदावले, जाते मंदावले. करीम डोळे मिटून उभा होता. घाण्याने एक वळसा घेतला. थांबला असे वाटले, आणि दुसरा घेतला. नागोरावाने दांडी पुरती सरकवली. मंदावलेली यंत्रे हळूहळू पुन्हा वेगाला लागली. पन्हळीतून करडईच्या तेलाची धार लागली तेव्हा करीमने डोळे उघडले.

शेठजी दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. त्यांच्या काळ्या टोपीवर रुई, पीठ आणि तुरीची टरफले बसली होती.

"चार दिसले," ते म्हणाले. "दामजीभाई, माफ करा. तुम्हाला फुकट खेप पडली."

दामजीभाई दालनाच्या पार टोकाला, न भरलेल्या पाचव्या खोलीत उभे होते. शाफ्ट तिथपर्यंत जात होता आणि त्याच्या टोकावर एक पुली पट्ट्याविना गरगरत होती.

"याच्यावर कोण?" त्यांनी मला विचारले.

"कोणी नाही."

"मग फिरते ती फुकट?"

"शाफ्ट फिरतो तोवर तीही फिरणार."

व्यापारी माणसाला हे बघवेना. ते दोनदा पुलीकडे आणि एकदा शेठजींकडे पाहून म्हणाले, "माझ्या वखारीत एक लेथ पडला हाय. बंद गिरणीतून उचलला होता. तोडायला जीव होत न्हाई, चालू घ्यायला गिऱ्हाईक न्हाई. लोखंड कातायचं काम इथं मिळंल?"

"गाड्यांचे आस, मोटांची चाकं, आणि आमच्याच पुल्या. जिल्ह्यात दुसरा लेथ नाही."

"पण पट्टा माझा कितवा?"

चौघेही आपापल्या दारात येऊन उभे होते. शेवटी दत्तराव देशमुख, गालावर वंगणाचा पट्टा तसाच ठेवून, म्हणाले, "ते वाफ ठरवेल."

शेठजी दुपारच्या गाडीने गेले. दामजीभाईंची गाडी मात्र चुकली. ती सुटली तेव्हा ते पाचव्या खोलीत गुडघ्यांवर बसले होते, आणि करीम मिस्त्रीला छत्रीचे दुसरे टोक धरायला लावून लेथसाठी जमिनीचे माप घेत होते.